व्हिडिओ बघून कॅज्युअल्टी आणि आयसीयू शिकताना: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या आरएमओंसाठी

नाईटला पहाटे सव्वातीनच्या सुमारास रिक्षातून एका काकांना आणलं. धाप लागलेली, ओठ काळेनिळे, सॅच्युरेशन ६८. तोवर मी इंट्युबेशनचे, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालण्याचे, तीसेक व्हिडिओ पाहिले होते. मान कशी ठेवायची, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक काडी) कुठे वळवायची, सगळं तोंडपाठ. लॅरिंगोस्कोपचं (घशात बघायच्या दिव्याच्या उपकरणाचं) पातं उघडलं तर दिवा लागेना. "मॅडम, सेल गेलेत," सिस्टर म्हणाल्या. मामा पळत जाऊन ओटीतला दुसरा घेऊन येईपर्यंत मी अँब्यू (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत उभी होते. दिवाच लागला नाही तर काय करायचं, हे त्या तीसपैकी एकाही व्हिडिओत नव्हतं. काका वाचले. ट्यूब भूलतज्ज्ञ सरांनी येऊन घातली, मी नाही.

त्यानंतरची चार वर्षं ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत कॅज्युअल्टी-आयसीयूत गेली. व्हिडिओ बघणं सोडलं नाही, पण क्रम उलटा केला. आधी प्लेलिस्ट आणि मग पेशंट असं चालायचं, ते आधी पेशंट आणि मग व्हिडिओ असं केलं. त्याच क्रमाने खाली लिहिलं आहे. पीजीच्या सीटची वाट बघत आरएमओशिप (निवासी डॉक्टरची नोकरी) करणारे एमबीबीएस, नर्सिंग होममध्ये नाईट करणारे बीएएमएस-बीएचएमएस आणि वॉर्डातून आयसीयूत बदली झालेल्या सिस्टर-ब्रदर, सगळ्यांनाच यातलं काही ना काही लागेल.

एक गोष्ट आधीच सांगते. व्हिडिओने माहिती वाढते, अधिकार वाढत नाही. तुमच्या नोंदणीत आणि हॉस्पिटलच्या नियमात जे बसतं तेवढंच करायचं. खाली आलेले डोस समजावण्यापुरते आहेत, पेशंटला देताना तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉलच धरा.

काय काय लागेल

- ऑफलाइन डाउनलोड करता येईल असा मोबाईल. ठाणे ते वाशी हा ट्रान्स-हार्बरचा अर्धा तास मला पुरायचा, पण नेटवर्कच्या भरवशावर राहिलं तर त्यातला निम्मा वेळ गोल गोल फिरणारं चक्र बघण्यात जातो.
- ॲप्रनच्या खिशात मावणारी वही. मोबाईलमधल्या नोट्स नकोत, कारण सांगते पुढे.
- मेट्रोनोमचं फुकट ॲप आणि एक घट्ट उशी.
- तारीख उलटून गेलेल्या ईटी ट्यूब (श्वासनलिकेत घालायची नळी), व्हेनफ्लॉन (शिरेत लावायची सुई), ट्राय-वे (सलाइनचा तीन तोंडांचा जोड). स्टोअरमधल्या दादांना नीट विचारलंत तर फेकायच्या आधी बाजूला ठेवतात. घरी नेताना त्यावर मार्करने "सरावासाठी" लिहा, म्हणजे चुकून परत ट्रॉलीत जाणार नाहीत.

१. आधी ट्रॉली उघडा

पहिल्या आठवड्यात एकही व्हिडिओ नाही बघितलात तरी चालेल. ड्युटीवर अर्धा तास आधी जा आणि सिस्टरांना सोबत घेऊन क्रॅश ट्रॉलीचा (तातडीच्या औषध-उपकरणांच्या गाडीचा) एकेक कप्पा उघडून बघा. लॅरिंगोस्कोपची कुठली पाती आहेत, दिवा पांढरा लागतो की पिवळट, सक्शन खरंच ओढतं का, अँब्यूची रिझर्व्हॉयर बॅग जागेवर आहे का. डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) बायफेजिक आहे की मोनोफेजिक, म्हणजे शॉकचा प्रवाह दोन्ही दिशांनी जातो की एकाच? बूजी आहे का, आणि असेल तर ती कुलपात आहे का? (एका ठिकाणी होती. "महाग आहे म्हणून," असं उत्तर मिळालं.)

ही यादी वहीत लिहा. मग व्हिडिओत स्क्रीनवाला लॅरिंगोस्कोप दिसला की तुम्हाला लगेच कळेल, हा आपल्याकडे नाही, तेव्हा साध्या मॅकिंटॉश पात्याचा व्हिडिओ शोधायचा. सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो इथे.

२. एका ड्युटीला एक प्रश्न

ज्या पेशंटने तुम्हाला अडवलं, त्याच्यावर एक ओळ लिहा. "अस्थमाचा पेशंट, नेब्युलायझेशन तीनदा, तरी थकत चालला, पुढे काय?" एवढंच. नाव, बेड नंबर, फोटो काही नको. घरी आल्यावर त्या एका प्रश्नावर दोन व्हिडिओ बघा, शक्यतो एकमेकांशी न जुळणारे. उत्तर चार ओळींत त्याच पानावर उतरवा. दुसऱ्या दिवशी त्या पेशंटला जाऊन बघा.

नाईट संपवून आल्या आल्या बघायला बसू नका. मी बसायचे. त्या काळातलं मला आज काही आठवत नाही.

ड्युटीवर असताना कॅज्युअल्टीत मोबाईल काढूच नका, अगदी डोस बघायला असला तरी. नातेवाइकांना दिसतं ते एवढंच, की आमचा माणूस तळमळतोय आणि डॉक्टर मोबाईल बघतायत. म्हणून वही. वहीत बघणाऱ्या डॉक्टरला कोणी बोलत नाही.

३. कोणाचं ऐकायचं

इमर्जन्सी आणि क्रिटिकल केअरमध्ये फुकट शिकवणाऱ्यांची जगभर एक चळवळच आहे. तिला 'फोम' (फ्री ओपन ॲक्सेस मेडिकल एज्युकेशन) म्हणतात. हे नाव २०१२ साली डब्लिनमधल्या परिषदेच्या वेळी निघालं. सुरुवातीला थोडकीच नावं धरा. ईसीजीसाठी मेरीलँड विद्यापीठाचे अमल मट्टू, त्यांना तोड नाही. एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) आणि व्हेंटिलेटर मुळापासून समजून घ्यायला 'स्ट्राँग मेडिसिन' हे यूट्यूब चॅनेल. 'ईएमक्रिट' हे स्कॉट वाइनगार्ट यांचं काम फार पुढच्या पातळीचं आहे, पहिले सहा महिने त्याच्या वाटेला जाऊ नका. ऑस्ट्रेलियातून सुरू झालेलं 'लाईफ इन द फास्ट लेन' वाचायचं आहे, बघायचं नाही, पण तिथला ईसीजीचा साठा फुकटात मिळतो हे आपलं भाग्य. आपल्याकडच्या पेशंटबद्दल ऐकायचं तर इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनची व्याख्यानं शोधा. ही संस्था १९९३ साली मुंबईतच उभी राहिली.

बोलणारा कोण, कुठे काम करतो आणि विकतोय काय, हे तिन्ही पहिल्या मिनिटात कळलं नाही तर व्हिडिओ बंद करा. शेवटी "आमचा कोर्स घ्या" येतंच, त्याला हरकत नाही. पण मधूनमधून एकाच कंपनीचं औषध येत असेल तर सावध व्हा.

सबटायटल्सवर मात्र अजिबात विसंबू नका. यंत्राने आपोआप टाकलेल्या ओळींत डोपामिनचं डोब्युटामिन झालेलं मी स्वतः पाहिलंय.

४. तारीख बघा, मग व्हिडिओ

नवख्यांचा सगळ्यात मोठा घात इथे होतो. व्हिडिओ शिळा झाला तरी भाजीसारखा वास येत नाही.

सेप्सिसचंच (जंतुसंसर्गाने अवयव बिघडायला लागण्याचं) घ्या. २००१ साली डेट्रॉइटच्या एका रुग्णालयातला अभ्यास आला. सेंट्रल लाईन घाला, सीव्हीपी (मोठ्या शिरेतला दाब) ८ ते १२ वर आणा, सेंट्रल व्हेनमधलं सॅच्युरेशन ७० च्या वर ठेवा, असं ठरावीक पायऱ्यांचं वेळापत्रक पहिल्या सहा तासांत पाळलं तर मृत्यू कमी होतात, असं त्यात दिसलं. पुढची दहा-बारा वर्षं जगभर तेच शिकवलं गेलं आणि त्या काळातले व्हिडिओ आजही वर येतात, कारण ते लाखोंनी पाहिलेत. मग २०१४ आणि २०१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंड इथे झालेल्या तीन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. या वेळापत्रकाने मृत्यू कमी होत नाहीत, असं तिन्हींत निघालं. लवकर ओळखणं, लवकर अँटिबायोटिक, फ्लुइड हे शिल्लक राहिलं. सीव्हीपीचा आकडा गाठण्याचा हट्ट गेला. पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली फ्लुइड हा सल्लासुद्धा २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आधीपेक्षा सौम्य भाषेत आला.

दुसरं उदाहरण घरचंच आहे. 'रीनल डोस डोपामिन'. किडनी वाचवायला थोडं डोपामिन, हे आपल्या कितीतरी नर्सिंग होममध्ये अजून चालू आहे. त्याने किडनी वाचत नाही हे २००० सालीच दिसून आलं. शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळल्यावर, द्यायच्या नॉरॲड्रिनलिनच्या तुलनेत डोपामिनने हृदयाचे ठोके जास्त बिघडतात, हे २०१० साली. तेव्हा पाच वर्षांहून जुना व्हिडिओ असेल तर त्यातलं शरीरशास्त्र आणि हातांचं तंत्र घ्या, आकडे आणि औषधं मात्र नव्या मार्गदर्शक तत्त्वांशी ताडून बघा.

आता हे सरांना कसं सांगायचं? "सर, व्हिडिओत असं दाखवलंय" असं मी एकदा राऊंडला, सगळ्यांसमोर म्हणाले. त्यानंतर जी शांतता पसरली ती मला आजही ऐकू येते. राऊंड झाल्यावर चहाच्या वेळी "सर, या आजींना नॉरॲड आधी लावलं असतं तर?" असं विचारा. पेशंटबद्दल विचारलेल्या प्रश्नाला बहुतेक सर उत्तर देतात. व्हिडिओबद्दल विचारलेल्याला देत नाहीत.

५. परदेशी आकडे आपल्या ट्रॉलीच्या भाषेत आणा

अमेरिकन माणूस एपिनेफ्रिन म्हणतो ते आपलं ॲड्रिनलिन. नॉरएपिनेफ्रिन म्हणजे नॉरॲड्रिनलिन, असिटामिनोफेन म्हणजे पॅरासिटामॉल, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल. वहीच्या पहिल्या पानावर ही जोडी लिहून ठेवा.

ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन व्हिडिओत साखर २२ आहे म्हटलं तर घाबरून ग्लुकोज देऊ नका. ते मिलिमोलमध्ये आहे. १८ ने गुणा, ३९६ येतात. क्रिएटिनिन त्यांच्याकडे शेकड्यांत असतं, ८८ ने भागा. ब्लड गॅसमधलं किलोपास्कल ७.५ ने गुणलं की आपलं मिमी मर्क्युरी.

नॉरॲड्रिनलिनच्या ॲम्प्युलवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते भिंग लावून वाचा. २ मिग्रॅ बायटार्टरेट म्हणजे साधारण १ मिग्रॅ शुद्ध नॉरॲड्रिनलिन. व्हिडिओतला डोस कशात मोजलाय आणि तुमच्या हातातला कशात, हे जुळलं नाही तर थेट दुपटीचा फरक पडतो. मग आपल्या सिरिंज पंपाचा हिशोब एकदा हाताने करा. समजा ५० मिलीमध्ये ४ मिग्रॅ भरलं. म्हणजे १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम. पंप तासाला ५ मिलीवर लावला तर तासाला ४००, मिनिटाला ६.७. पेशंट ६० किलोचा असेल तर किलोमागे मिनिटाला ०.११ मायक्रोग्रॅम. हे एकदा स्वतः मांडलंत की "नॉरॲड पाचवर चालू आहे" या हँडओव्हरला काही अर्थ नाही हे लक्षात येईल. पाच कशात मिसळलेलं?

व्हेंटिलेटरवरही तोच गोंधळ. फुप्फुसं खराब असलेल्या पेशंटला किलोमागे ६ मिली टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा), हे प्रत्येक व्हिडिओत येतं. पण ते किलो वजनकाट्यावरचे नाहीत, उंचीवरून काढलेले. बायकांसाठी ४५.५ अधिक (सेंटिमीटरमधली उंची वजा १५२.४) गुणिले ०.९१; पुरुषांसाठी ४५.५ च्या जागी ५०. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या, ७५ किलो वजनाच्या मावशींचं हे वजन येतं ४३ किलो. म्हणजे टायडल व्हॉल्यूम २६०. काट्यावरचं वजन धरून लावलंत तर ४५०. म्हणून आयसीयूत मोजपट्टी हवी. माझ्या खिशात शिंप्याकडची असते.

६. जे व्हिडिओंत सापडत नाही

परदेशी व्हिडिओंत ओपिऑइडच्या अतिसेवनावर तासन्‌तास आहेत. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की येऊरच्या पायथ्यापासून मुरबाड-शहापूरपर्यंतून जे येतं, त्यावर शोधलं तर फार थोडं सापडतं. ते इथल्याच सरांकडून, जुन्या सिस्टरांकडून आणि सरकारी मार्गदर्शक सूचनांतून शिकावं लागतं.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपलं अँटिस्नेक व्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) या चारांवर चालतं. मण्यार चावल्याचं अनेकदा कळतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो, चावल्याची खूण दिसत नाही, आणि आपण ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल देऊन बसतो. पापण्या जड झाल्यात का ते बघा, वर बघायला सांगा. मण्यारीचं विष निओस्टिग्मिनला (स्नायूंची कमजोरी उलटवणाऱ्या इंजेक्शनला) नागाच्या विषाइतकी दाद देत नाही. स्नायू बसलेच असतील तर श्वास सांभाळणं हाच उपचार, आणि तो काही दिवस चालू शकतो. घोणस-फुरशासाठी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: स्वच्छ, कोरडी काचेची परीक्षानळी, २ मिली रक्त, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची, मग एकदाच तिरकी करून बघायची. प्लॅस्टिकच्या नळीत करू नका. "झालं का, झालं का" म्हणत मध्येच हलवूनही बघू नका. दोन्ही चुका मी पाहिल्यात, त्यातली एक माझीच. अँटिस्नेक व्हेनमची सुरुवातीची मात्रा मोठ्यांना आणि लहान मुलांना सारखीच असते, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. ते लावायच्या आधी ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवा.

कीटकनाशक: तोंडाला फेस, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, अंगाला तो वास. आपल्या ०.६ मिग्रॅच्या ॲट्रोपिनच्या ॲम्प्युलने सुरुवात तीन ते पाचने होते आणि दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जायचं. पहिल्यांदा करताना हात थरथरतो, "इतकं ॲट्रोपिन?" असं सिस्टरही विचारतात. थांबायचं कुठे, तर छाती मोकळी झाली आणि नाडी-बीपी ऐंशीच्या वर गेले की. बाहुल्यांकडे बघत बसू नका, त्या मागून येतात. आणि दुपटीचा हिशोब करताना स्टोअरमध्ये ॲम्प्युल किती आहेत ते आधीच विचारून ठेवा.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस): पावसाळ्यात पाण्यातून चालत आलेला माणूस, ताप, पोटऱ्या दाबल्या की ओरडतो, डोळे लाल. इथे बहुतेक सिस्टर डॉक्टरच्या आधी ओळखतात.

७. हात

सीपीआरसाठी उशी आणि मेट्रोनोम. ११० वर लावा (१०० ते १२० च्या मधला आकडा), दोन मिनिटं न थांबता दाबा. कोपर वाकलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या मिनिटाला हात कसे लटपटतात ते कळलं की दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा हे पाठ करावं लागत नाही. खोली मात्र उशीवर कळत नाही. ५ ते ६ सेंटिमीटर म्हणजे किती, हे मॅनिकिनवरच समजतं.

गळ्यातून तातडीने श्वासाचा मार्ग करायचा सराव बोकडाच्या श्वासनलिकेवर उत्तम होतो, हे एका व्हिडिओत पाहिलं आणि रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात रांग लावली. म्हटलं, "दादा, नळी द्या." त्यांनी छान दोन नळ्या तोडून पिशवीत टाकल्या, "रश्श्याला मस्त लागतील." मला हवी होती श्वासाची, मिळाली मांडीची! मग गळ्याकडे बोट दाखवून सांगितलं. दादांनी माझ्याकडे एकदा, आईकडे एकदा पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत. कंठाशी दोन कूर्चांमधली ती मऊ खाच बोटाला कशी लागते, हे मला कुठल्याही स्क्रीनने शिकवलं नव्हतं. सराव झाला की ओटा डेटॉलने पुसा, नाहीतर घरात पुढचा सराव होणे नाही. रस्साही झाला त्या दिवशी.

८. सोनोग्राफीच्या व्हिडिओंपासून जरा जपून

व्हिडिओत डॉक्टर खिशातून मोबाईलएवढं यंत्र काढतो आणि मित्राच्या पोटावर फिरवतो. इथे तसं करू नका. १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा पोर्टेबल यंत्रालाही लागू आहे. यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते, आणि नोंदणीत ज्यांची नावं आहेत तेच ते वापरू शकतात. परदेशातून आलेल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवणं, एका हॉस्पिटलातलं उचलून दुसऱ्यात नेणं, "फक्त फुप्फुसंच बघतोय" ही सबब, यातलं काहीही चालत नाही. इमेज ओळखायला 'कोअर अल्ट्रासाऊंड' या चॅनेलसारखं काही बघत राहा, डोळा तयार होतो. प्रोब मात्र कायद्यात बसेल तेव्हाच हातात घ्या.

९. प्रमाणपत्रं आणि कागद

नोकरीला बीएलएस-एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर काय करायचं याचे प्राथमिक आणि पुढचे कोर्स) मागतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं. अभ्यासाचा भाग ऑनलाइन करता येतो, पण हातांची परीक्षा समोर उभं राहूनच द्यावी लागते. "घरबसल्या दोन तासांत एसीएलएस" अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. कार्ड ईमेलवर येतं, ते खरं आहे का हे असोसिएशनच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते कौन्सिलने मान्य केलेल्या कार्यक्रमांनाच मिळतात, यूट्यूबवरच्या तासांना नाही.

एका फाईलमध्ये ठेवा: डिग्री, कौन्सिलची नोंदणी, फोटो असलेलं ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचे सहा फोटो, बीएलएस-एसीएलएस कार्डांच्या प्रिंट, आधीच्या हॉस्पिटलचं अनुभवपत्र. सगळ्याच्या झेरॉक्स स्वतः सही करून. मूळ डिग्री फक्त दाखवायची, ठेवायला द्यायची नाही. मी एका ठिकाणी "फाईलला लागते" म्हणून दिली होती. नोकरी सोडल्यावर ती परत मिळायला अडीच महिने आणि एचआरच्या सात फेऱ्या लागल्या, तीही पाठीवर चहाच्या कपाचा गोल डाग घेऊनच आली.